थंडोबा आणि जावयाचा कुलर

थंडोबा हे नाव धंद्यावरून पडलेलं. स्वभावावरून ठेवायचं म्हटलं असतं तर तापलेल्या तव्याशिवाय दुसरं काही सुचलं नसतं. एकतीस वर्षं माणसाने फ्रिज, शीतगृहं, दवाखान्यांतल्या औषधांच्या थंड पेट्या दुरुस्त केल्या, आणि तेवढ्या वर्षांत त्यांचं एक मत पक्कं झालं, की जगातली बहुतेक माणसं मठ्ठ आहेत. उकळतं पातेलं फ्रिजमध्ये ठेवतात, दार उघडं टाकून फोनवर बोलत बसतात आणि वर विचारतात, "हा थंड का करत नाही हो?" अशा गिऱ्हाइकाला थंडोबा उत्तर देत नसत. नुसते नाकातून हुंकारत.

जावयाला तर ते कवडीची किंमत देत नसत. जावई एका कार्यालयात इमारतींची चित्रं करायचा. अजून न बांधलेल्या दिवाणखान्यात ऊन कसं पडेल, ते कॉम्प्युटरवर दाखवायचा. "नसलेल्या घरात नसलेलं ऊन," थंडोबा मुलीला म्हणत, "आणि त्याचा पगार देतात!"

एका सुट्टीच्या दिवशी जेवताना या जावयाने जाहीर केलं, की तो ओव्हरक्लॉकिंग करणार आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणार. चित्रं लवकर तयार होतील. फक्त प्रोसेसर जास्त तापेल, म्हणून सोबत आलेला चिमुकला पंखा काढून मोठा कुलर बसवायला हवा. पहिलीच वेळ असल्यामुळे कोणता घ्यावा ते ठरत नव्हतं. तीन आठवडे तो त्याचेच व्हिडिओ बघत होता.

थंडोबांचा घास हातातच राहिला. "तीन आठवडे? पंखा निवडायला? माझ्या मुलीला तर दोन भेटींत हो म्हणालात, जावईबापू."

"बाबा, टोमणे पुरे," मुलगी म्हणाली. "गरम-थंडातलं तुम्हाला कळतं ना? मग जा त्याच्याबरोबर दुकानात."

दुकानदाराने पहिल्यांदा पाण्याचा कुलर पुढे केला. दोन रबरी नळ्या, एक पंप, तीन पंखे, आणि पंख्यांत सात रंगांचे दिवे फिरत होते.

"दिवे कशाला?" थंडोबांनी विचारलं.

"लुक येतो, काका."

"प्रोसेसर आरशात बघतो का? बरं, पंप बंद पडला तर?"

"सहसा पडत नाही."

थंडोबा जावयाकडे वळले. "ऐकलंत? पंप बंद पडत नाहीत म्हणे. बंद पडलेल्या पंपांवर तर माझी मुलगी शिकली!"

मग त्यांनी मांडणीवरचे साधे, हवेवर चालणारे कुलर एकेक करून खाली काढले. हातात तोलले, पातळ पत्र्यांवरून नख फिरवलं, तांब्याच्या नळ्या तळाशी नीट बसवल्यात का ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं. सगळ्यात मोठं, दोन विटा शेजारी ठेवाव्यात तसं एक धूड त्यांनी काउंटरवर आदळलं. "उष्णता गिळायला धातू लागतो. हाच."

"बाबा, उंची एकदा बघूया का? मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं माप लिहून..."

"एकतीस वर्षं मी नजरेने मापं घेतोय."

जावयाने चिठ्ठी पुन्हा खिशात घातली.

घरी थंडोबांनी त्याला हात लावू दिला नाही. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा वाटाण्याएवढा लेप टाकून कुलर स्वतः बसवला, स्क्रू तिरक्या जोडीने आवळले, आणि कॅबिनेटच्या बाजूची काच लावायला घेतली. काच बसेना. चांगली दोन बोटं फट राहिली. त्यांनी दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"जोर नका लावू बाबा, फुटेल."

"कॅबिनेटच फालतू आहे तुमचं! काच काढून ठेवा, बिघडलं कुठे?"

"धूळ जाईल की आत."

हेच वाक्य थंडोबांनी उभ्या आयुष्यात हजार गिऱ्हाइकांना सुनावलं होतं. त्यांनी काच खाली ठेवली. दारातून बघणारी मुलगी तोंडावर हात दाबून आत पळाली. जावई मात्र 'मी म्हटलं होतं' असं काही म्हणाला नाही, आणि थंडोबांना त्याचाच जास्त राग आला. म्हणाला असता, तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दुकानात गेले.

"बसला नाही ना, काका?" दुकानदार नाकातून हसला. थंडोबांनी मुकाट्याने खिशातून टेप काढला आणि एका विटेचा, बुटका कुलर मोजून घेतला.

काच बसली. मग जावयाचं काम सुरू झालं. तो वेग एका पायरीने वाढवायचा, प्रोसेसरला अर्धा तास जुंपायचा, तापमान कागदावर लिहायचा, मग पुढची पायरी. थंडोबा शेजारी खुर्ची टाकून जांभया देत बसले. इतक्या सावकाश तर गोगलगायही पळत नसेल, असं त्यांना वाटलं. चौथ्या पायरीला आकडा त्र्याण्णव अंशांवर गेला, तसे ते सरसावून बसले.

"चढवा अजून! कुलर मी निवडलाय, झेलेल तो."

"नाही," जावई म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, बाबा. अजून ताणलं तर चिप कामातून जाईल. तिसऱ्या पायरीवर थांबायचं."

या घरात त्यांना असं तोंडावर कुणी नाही म्हटलं नव्हतं. जावई शांतपणे एक पायरी उतरला आणि त्याने एक चित्र तयार करायला लावलं. पूर्वी चाळीस मिनिटं लागायची, आता छत्तीस लागली.

"चार मिनिटं!" थंडोबा उसळले. "एवढा उपद्व्याप करून चार मिनिटं!"

"दिवसाला दहा चित्रं असतात."

थंडोबांनी मनात गुणाकार केला आणि ते हुंकारले. मग उठून कॅबिनेटच्या मागे तळहात धरला. बाहेर पडणारी गरम हवा भिंतीवर आपटून परत येत होती. "टेबल पुढे ओढा. धरा तिकडून."

दोघांनी दोन टोकं धरून टेबल हातभर पुढे ओढलं. थोड्या वेळाने आकडा तीन अंशांनी उतरला. जावयाने तो लिहून घेतला. थंडोबांनी कागद त्याच्या हातातून ओढला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत एकेक आकडा तपासला. चूक एकही सापडली नाही.

"अक्षर घाणेरडं आहे तुमचं," ते म्हणाले, आणि खुर्ची आणखी जवळ घेऊन बसले.