पडद्याची मागली बाजू

माझ्या थोरल्या दिरांवर माझा राग आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आहे. घरातले म्हणतात, आता सोडून दे. पण ते होते तोवर त्यांच्यापुढं तोंड उघडायची मला सोय नव्हती, आणि ते गेल्यावर बोलू नये म्हणतात. मग मी बोलायचं तरी कधी?

आमचा तंबूतला सिनेमा होता. तेव्हा निजामाचा अंमल होता. हिंगोलीच्या आसपास जिथं बाजार किंवा जत्रा भरे, तिथं आमच्या बैलगाड्या जात. एका गाडीत तंबू, बांबू आणि पडदा, दुसरीत मशीन आणि वीज करायचं तेलावरचं इंजिन. मालक थोरले दीर. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ आणि तोच ऑपरेटर. मी शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातून आलेली. लग्न झालं तेव्हा सिनेमा कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं.

मोठ्या शहरांत बोलपट आले होते म्हणे. आमच्या वाट्याला मात्र जुनी, ओरखडे पडलेली मुकी चित्रंच येत. खेळाआधी पडद्यावर बादल्यांनी पाणी मारायची रीत होती. ओल्या कापडातून उजेड आरपार जातो आणि चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. मग पुढं पुरुष बसवायचे आणि पडद्याच्या मागं बायका. बायकांची अब्रूही राखली जाई आणि तंबूही दुप्पट भरे.

फक्त मागून चित्र उलटं दिसायचं. अक्षरं उलटी दिसत त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. पण माणसं! सिनेमातली झाडून सगळी माणसं बायकांना डावखुरी दिसत. राजा डाव्या हातानं जेवायचा, आई लेकराला डाव्या हातानं घास भरवायची, आणि शेवटी प्रगट झालेला देव डाव्या हातानं आशीर्वाद द्यायचा. पुसेगावच्या बाजारात एका म्हातारीनं मला विचारलं, "काहून गं, ह्या लोकायला कुणी वळण लावलं न्हाई का? देवसुद्दा डाव्या हातानं?" बाकीच्या हसल्या नाहीत. त्यांनाही तेच विचारायचं होतं. एका सासूनं तर असले अमंगळ लोक पाहायचे नाहीत म्हणून सुनेला अर्ध्या खेळातून उठवून नेलं.

हे मी नवऱ्याला सांगितलं. दीर तिथंच बसले होते, पण थोरल्या दिराशी आमच्यात समोरासमोर बोलत नसत. तोंडावर पदर घ्यायचा आणि मधल्या माणसाकरवी बोलायचं. तिघंच असलो तरी मी नवऱ्याला म्हणायचे, "त्यायला सांगा," आणि दीर म्हणायचे, "तिला सांग." मध्ये नवरा पोस्टासारखा. त्या दिवशी दीर म्हणाले, "तिला सांग, बायायला काय, सुलटं काय न् उलटं काय!" ते वाक्य मी जपून ठेवलं.

मशीन माझ्या हाती आलं ते नवऱ्याच्या डोळ्यांमुळं. मशीनच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत, आणि त्यांचा उजेड वेल्डिंगच्या ठिणगीसारखा डोळ्याला खाई. नवऱ्याचे डोळे सारखे पाझरू लागले. कांड्यांमधलं अंतर त्यांना दिसेना, चित्र मधेच काळवंडू लागलं. मी भाकरी घेऊन मशीनच्या राहुटीत जायचे ती तिथंच थांबू लागले. आधी कांड्या सरकवल्या, मग फीत लावायला शिकले, आणि एका संध्याकाळी हँडलसुद्धा धरलं. हातानं फिरवायचं मशीन ते. हात जलद झाला की पडद्यावरची माणसं धावतात, मंदावला की पेंगतात. मला ते जड गेलं नाही. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला एका लयीत हात फिरवायला कुणी शिकवावं लागतं का? मी मनात ओवी धरायचे आणि तिच्या ठेक्यावर फीत सोडायचे.

लोक म्हणू लागले, तुमचं चित्र हलत नाही. दीर माझ्या नवऱ्याची पाठ थोपटत. मशीन कोण चालवतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. राहुटीचा पडदा सरकवून एकदा त्यांनी मला पाहिलं होतं आणि पडदा तसाच परत सोडला होता. मला राग येत नव्हता असं नाही, पण त्या मशीनवर माझा फार जीव होता. अंधारात शेकडो माणसं एकदम श्वास रोखतात, आणि तो श्वास आपल्या मनगटावर असतो, हे ज्याला कळलं त्याला दुसरं काही नको वाटतं. आयुष्यभर हेच करायचं, एवढंच मला हवं होतं.

पूर्णेकाठच्या एका गावात जत्रेचा खेळ होता. खेळ संपता संपता तिथले पाटील मशीन पाहायला म्हणून राहुटीत शिरले. नवरा कोपऱ्यात डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसलेला आणि हँडलवर माझा बांगड्यांचा हात. पाटलांनी बाहेर येऊन गलका केला, "बाई चालवून राहिली की मशीन!" लोक जमले. आमचे दीर कपाळावर हात मारून म्हणाले, "मला ठाव न्हवतं, पाटील. देवाशप्पथ ठाव न्हवतं."

मग त्यांनी गोमूत्र मागवलं. सगळ्या गावासमोर मशीनवर शिंपडलं, हँडलवर जरा जास्तच. इथून पुढं बाईचा हात लागणार नाही, असं भोंग्यातून ओरडून सांगितलं. भोंगा म्हणजे पत्र्याचं नळकांडं, खेळाची दवंडी द्यायचं. मी पदरात तोंड घालून उभी होते. माझ्या हातानं मशीन बाटलं, पण त्याच हाताच्या भाकरी दिरांनी नंतर मागून मागून खाल्ल्या. वर नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, परत राहुटीत दिसली तर शेळ्या राखायला माहेरी धाडीन."

नवरा माणूस वाईट नव्हता, पण भावापुढं त्याला कंठ फुटत नसे.

नांदेडहून नवा ऑपरेटर आला. विलायती टोपी, तोंडात सिगारेट. त्याच्या हातून राण्या कोंबड्यांसारख्या पळायच्या. मला काम मिळालं पडदा भिजवायचं आणि मागं बायकांना बसवायचं. पाणी मारताना दिरांबद्दल माझ्या मनात एकच विचार असे: ह्या माणसाला एकदा डाव्या हातानं आशीर्वाद मिळाला पाहिजे. मी उघड सांगते, मी देवळात जाऊन तेवढंच मागत होते.

ते कळमनुरीला घडलं. दिरांनी तिथं थाट केला होता, कारण खेळाचा परवाना देणारे मोठे अंमलदार स्वतः येणार होते. पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या. अंमलदार, देशमुख, वकील, आडतीतले व्यापारी येऊन बसले. चित्र देवादिकांचं. इकडं आमचा टोपीवाला दुपारीच नांदेडच्या मोटारीत बसून गेला होता. तिथल्या थेटरात त्याला नोकरी लागली होती, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

दिवस मावळला, तंबू गच्च भरला, लोक शिट्ट्या मारू लागले. दीर माझ्या चुलीपाशी आले. नवरा शेजारीच होता.

"तिला विचार, चालवती का."

मी भाकरी उलथली. "त्यायला इचारा, गोमूत्र आणलंय का?"

दिरांनी ओठ चावला. "तिला सांग, तमाशा करू नको म्हणावं. इज्जतीचा सवाल हाय."

"सांगा त्यायला, चालवते."

मी हात धुतले, राहुटीत गेले आणि पहिलंच रीळ पालटून चढवलं. मुक्या चित्राच्या फितीला दोन्ही कडांना सारखीच भोकं असतात. रीळ पालटून लावलं तरी ते तक्रार करत नाही, फक्त डाव्याचं उजवं होतं. नवऱ्याला दिसत नव्हतं तरी माझ्या हाताच्या आवाजावरून त्याला कळलं. "अगं, काय करून राहिलीस?" तो म्हणाला. मी म्हटलं, "गप बसा." तो गप बसला, आणि मला वाटतं, गालातल्या गालात हसलासुद्धा.

खेळ सुरू झाला. पहिली पाटी उलटी उमटली आणि पुढचे वाचणारे लोक कुजबुजू लागले. मग यज्ञ आला. ऋषी डाव्या हातानं आहुती देऊ लागले. कुणीतरी ओरडलं, "आरं, हे काय?" मग साक्षात देव प्रगट झाले, आणि कळमनुरीच्या खुर्चीवाल्या मंडळींना त्यांनी डावा हात उचलून आशीर्वाद दिला. तंबूत असा कल्ला उठला की बाहेर बांधलेले बैल उधळले.

पण त्याच वेळी पडद्यामागूनही आवाज आला. बायका टाळ्या वाजवत होत्या. "उजवा! उजवा हात हाय!" कुणीतरी मोठ्यानं देवाचं नाव घेतल्याचं ऐकू आलं. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. सूड किती गोड असतो हे मला तेव्हा कळलं.

दीर धापा टाकत राहुटीत घुसले. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सरळ माझ्याशी बोलले.

"अगं, उलटं दिसून राहिलं! सुलटं कर!"

मीही पदर मागं सारला. हात फिरवत राहिले. "बराबर तर हाय. मागं बायायला इचारा."

"माझी अब्रू चालली! काय पायजे तुला?"

"पूर्णेकाठी भोंग्यातून काय बोललात? आता खरं बोला. मशीन कोण चालवतं ते सांगा."

स्वतः पालटावं तर त्यांना फीत लावता येत नव्हती. मालकाला कशाला आली पाहिजे! शेवटी भोंगा घेऊन ते बाहेर गेले. मी हात न थांबवता ऐकत होते. "मंडळी, मशीन माझी भावजय चालवून राहिली. आजच न्हाई. याच्या आधीबी तीच चालवत होती. मला ठाव होतं."

शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. घाबरून तोंडातून निघालं असावं. मग अंमलदार मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "औरत चला रही है? तो चलने दो!" मोठा साहेब हसला म्हटल्यावर देशमुख हसले, वकील हसले, आणि खेळ बंद करायची कुणाची छाती राहिली नाही.

दीर परत आले. "सांगितलं. आता पालट."

"पालटीन असं मी कवा म्हणलं?"

आणि मी पालटलं नाही. पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत एकूण एक रीळ तसंच चढवलं. त्यांनी मला धरून ओढलं असतं तर खेळ बंद पडला असता, आणि खेळ तर साहेबांनी चालू ठेवायला सांगितला होता. राहुटीच्या दारात ते उभे राहिले आणि मी चालवत राहिले. मन भरेपर्यंत चालवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला हाकललं. माझी पेटी नवऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतली. बोलला तेव्हाही काही नाही, पण भावाच्या देखत पेटी उचलली, आणि मी त्याला बाकीचं सगळं माफ केलं. खुर्चीवर बसलेल्या व्यापाऱ्यांतला एकजण नवं मशीन आणायच्या खटपटीत होता. त्यानं मला ठेवून घेतलं. म्हणाला, चालवणारी बाई आहे हे ऐकूनच माणसं येतील. आली. नंतर बोलपटाचं मशीन आलं, तेही मी शिकले. रीळ पालटायची गंमत तिथं चालत नाही, आवाज फितीच्या एकाच कडेला असतो. माझ्या हाताखाली दोन बाया तयार झाल्या, एक इंजिनावर आणि एक मशीनवर. कुठल्याही गावात त्यांना पडद्यामागं बसावं लागलं नाही.

निजामाचा अंमल संपला, त्या धामधुमीत उठलेले बाजार पुन्हा भरू लागले, तेव्हा हिंगोलीला मी स्वतःचा तंबू ठोकला. माझ्या तंबूत बायका पुढच्या बाजूलाच बसत, मध्ये फक्त एक दोर. पडदा भिजवायचं आम्ही कधीच सोडलं होतं.

एका संध्याकाळी दारावरची बाई सांगत आली, एक म्हातारा आलाय, तुमचं नातं सांगतोय. दीर होते. त्यांचा तंबू केव्हाच मोडला होता, हे मी ऐकून होते. काठी टेकत उभे होते. दया आली का असं मला पुष्कळ जण विचारतात. नाही आली.

"जागा हाय का?" त्यांनी विचारलं. सरळ मलाच.

"पुढं भरलंय. मागं हाय."

त्यांनी वर पाहिलं. पुढं जागा होती, ती त्यांना दिसत होती. "मागून उलटं दिसंल."

"तुमाला काय, दादा. सुलटं काय न् उलटं काय."

ते काठी टेकत पडद्यामागं गेले आणि उघड्या जमिनीवर बसले. कोरड्या कापडातून त्यांना काहीच दिसलं नसतं. म्हणून मी बादली उचलली आणि माझ्या हातानं पडदा भिजवला.