माळवदावरची माणसं

वंदनाच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी मुरुडच्या बाजारात वांगी निवडत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलून तिला पुढचं बोलवेना. लातूरच्या दवाखान्यात वंदना महिनाभर होती, त्यामुळे कळायचं ते कळलेलंच होतं. भाजीवाली म्हणाली, "घेताय का न्हाई?" मी घेतली. हे वंदनाला आवडलं असतं. रडणाऱ्यांवर तिचा कधीच विश्वास नव्हता. "रडून झालं की माणसाला चांगली भूक लागते, शोभे," म्हणायची.

नांदेडच्या एका लहानशा संग्रहालयाचा शिक्षण विभाग ती चालवायची. विभाग म्हणजे ती, एक खटारा जीप आणि चित्रं टांगायला मी, चित्रकलेची निवृत्त बाई. नाझी जर्मनीत ज्यूंचा संहार कसा झाला, हे आम्ही देगलूरपासून हदगावपर्यंतच्या शाळांत सांगत फिरलो. एका हेडसरांनी चहा ओतता ओतता सुनावलं, "काही म्हणा मॅडम, शिस्त होती त्या लोकांत." वंदना म्हणाली, "होती ना सर. मारायलासुद्धा रांगेत उभं करायचे." सरांना त्यात काही खटकलं नाही. प्रेतांचे फोटो ती दाखवत नसे, मुलांना नाटक करायला लावत नसे. एकच मोठा फोटो. खाली गल्लीतून ज्यू बायापोरांना हाकलत नेतायत आणि वरच्या गॅलऱ्यांत शेजारी उभे आहेत. खालचा अर्धा भाग कागदानं झाकून ती विचारायची, वरची माणसं कशी दिसतात? पोरं सांगायची, एकीच्या कडेवर लेकरू हाय, एक जण हसून राहिला, कुणाचं तरी लग्न असंल. मग ती कागद काढायची. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरायची, तिच्यासाठीच आम्ही एवढे खड्डे खात जायचो.

हदगावकडच्या एका गावाची गोष्ट. नाव लिहीत नाही, लिहिलं तर शेजारची गावं सुटली असं वाटेल. तिथे जाताना जीपमध्ये वंदना पहिल्यांदा बोलली, की ती त्याच गावची. ती लहान असताना एका दुपारी गावानं बौद्धांची वस्ती पेटवली. तिची आई, गयाबाई, घरात जळून मेली. मामानं वंदनाला नांदेडला नेलं, पुढे लग्न होऊन आडनाव बदललं, आणि आता गावात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. "तुला तिथं काय पाहिजे, वंदे?" मी विचारलं. "काही नको गं. तिथल्या एका माणसाच्या तोंडून आईचं नाव ऐकायचंय. बास."

त्या दिवशी कागद काढल्यावर एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आपल्या गावात जाळपोळ झाली तवा माझी आजी बी अशीच माळवदावर उभी होती." मुलगी जरा ऐटीतच सांगत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो तेव्हा तिनं आजीला शाळेत आणलं. म्हातारी ठणठणीत, बोलायला मोकळी. वंदनानं विचारलं, काय दिसलं? "सगळं दिसलं की. माळवदावरून समदी वस्ती दिसती. वर कुरडया घातल्या होत्या, धुरानं काळ्या पडाया लागल्या. मंग पोरीला हाक मारली, भराभर उचलून खाली आणल्या." आणि जी बाई घरात जळून मेली, ती कोण होती? "आमच्याच वावरात खुरपायला यायची. लई कामाची." नाव? म्हातारीनं खरंच आठवून पाहिलं. "नाव कशाला लागतं? ए म्हनलं की यायची." वंदनानं मान डोलावली, आभार मानले आणि फोटो गुंडाळायला घेतला. मला म्हातारीच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती. वंदना परतीच्या वाटेवर फक्त एवढंच म्हणाली, "खोटं नाही बोलली..."

ती गेल्यावर त्याच शाळेत शोकसभा ठेवली. हार, उदबत्ती, 'मॅडमनी आपल्याला माणुसकी शिकवली' वगैरे. पहिल्या रांगेत खुर्चीवर म्हातारी, शेजारी नात. मला बोलायला उभं केलं. मी सांगून टाकलं, वंदना कुणाची लेक ते. म्हातारीच तेवढी बोलली, अगदी कळवळून. "मंग तवाच सांगायचं न्हाई का बाईनं? तिच्या डब्यातली भाकर खाल्ली ना म्या!"

खाल्ली होती, खरंच, त्याच दिवशी शाळेत. वंदनानंच निम्मी मोडून दिली होती.

तिथले हेडसर माईक घ्यायला पुढे आले. मी तो त्यांच्या हातात देऊन म्हातारीसमोर जाऊन उभी राहिले. "आजी, तिच्या आईचं नाव गयाबाई. एकदा म्हणा."

"ऐकलं की."

"म्हणा."

तिनं पदर सावरला, नातीचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता उठली. "चल गं घरला," ती म्हणाली, "आंघोळ करायची हाय."