मंदाबाईच्या कोंबड्या आणि माझे बूट

गेल्या मंगळवारी माझ्याच फार्मवर, दुसऱ्याच्या मोबाइलवर, माझंच रील बघून माझी मान खाली गेली. लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं... शेवटी लिहितोय.

नवीन मंडळींसाठी सांगतो. मी राहतो शहरात, मनीषनगरला आणि बुटीबोरीच्या पुढे आमचा अंड्यांचा पोल्ट्री फार्म आहे. शेडच्या मागे शेततळं आणि त्यात माझी हौसेची बारा बदकं... त्यांना तुम्ही भरभरून लाइक्स दिलेत.

या हिवाळ्यात अंडी अचानक कमी झाली. कोंबड्या मलूल दिसायच्या, काही शिंकायच्या, अंड्यांची कवचं पातळ यायची. मरतुक फारशी नव्हती, म्हणून मी सगळं थंडीवर ढकललं.

मग कुठल्याशा ग्रुपवर वाचलं, की पोल्ट्रीत काम करणाऱ्यांनी घरी कोंबड्या पाळू नयेत, त्यातून बर्ड फ्लू शेडमध्ये येऊ शकतो. झालं... मला गुन्हेगार सापडला.

मंदाबाई आमच्याकडे अगदी पहिल्या बॅचपासून आहेत. बाजूच्या गावातून चालत येतात, अंडी गोळा करतात. कोणत्या कोंबडीने दाणा सोडला, हे त्यांना माझ्या आधी कळतं. त्यांच्या घरी सात गावठी कोंबड्या होत्या.

मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, कोंबड्या ठेवा नाहीतर काम ठेवा. आवाज जरा चढलाच होता माझा.

“भाऊ, एक खुडूक बसली हाय अंड्यावर. पिल्लं निंगू द्या, मंग इकतो ना...” एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हणालो, रविवारच्या आत.

त्यांनी साती कोंबड्या आठवडी बाजारात नेऊन विकल्या. खुडूक कोंबडीखालची अंडी वाया गेली. ते मला कळलं आणि खरं सांगतो, तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट आपण कसे शिस्तीचे मालक, असं वाटलं.

अंडी काही वाढेनात. शेवटी ओळखीच्या पशुवैद्यक मॅडमना बोलावलं. त्यांनी रक्ताचे नमुने घेतले, स्वॅब घेतले, लॅबला पाठवले आणि मंगळवारी रिपोर्ट घेऊन आल्या. बर्ड फ्लूच होता, पण सौम्य प्रकारचा... पाखरं सावरत होती, मारायची वेळ येणार नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

मी लगेच ऐटीत सांगितलं, की कारण मी आधीच शोधून बंद केलंय. मंदाबाईंच्या कोंबड्यांची सगळी हकीकत ऐकवली.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. “विकायला लावल्या? आणि त्या कोंबड्यांना खरंच लागण असती तर? बाजारातून दहा घरी पोचली असती ना.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्यांनी साधेच प्रश्न विचारले. शेडला पाणी कुठलं... तळ्यातलं. त्यात क्लोरीन टाकता... नाही. हिवाळ्यात तळ्यावर बाहेरची पाखरं उतरतात... उतरतात, मीच तर फोटो टाकतो त्यांचे! शेडमध्ये जाताना बूट बदलता का... हो हो, रोज.

हे शेवटचं मी धडधडीत खोटं बोललो.

मॅडमनी मोबाइल काढला. त्या मला फॉलो करतात, हे मी विसरूनच गेलो होतो. रीलमध्ये मी बदकांना दाणे टाकतोय, तळ्याकाठच्या चिखलातून चालतोय आणि त्याच बुटांनी सरळ शेडमध्ये शिरतोय. मागे गाणं वाजतंय... खाली तुमची हार्ट्स.

आणि दाराशी, कोपऱ्यात, मंदाबाई. घरच्या चपला बाहेर काढून, पाय धुऊन, शेडातल्या चपला घालताहेत. मला वाट द्यायला त्या ओल्या पायांनी बाजूला सरकल्यात. ते रील मी कितीदा पाहिलं असेल, पण त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या.

“नेमकं कुठून आलं, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण बाहेरच्या पाखरांच्या विष्ठेतून हा रोग तळ्यात येऊ शकतो, आणि तळ्यापासून शेडपर्यंतचा हा रस्ता तुम्ही रोज चालता.”

संध्याकाळी मंदाबाईंच्या घरी गेलो. अंगणात रिकामा खुराडा होता, त्यात आता सरपण भरलेलं. मी सगळं सांगितलं, रीलचंही, खोटं बोललो त्याचंही. त्या शांतपणे ऐकत होत्या. जणू त्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं.

“तुमचे बूट मले रोज दिसत होते भाऊ. पन मी काय बोलू तुमाले?”

मी म्हणालो, नवीन कोंबड्या आणून देतो. त्यांनी मान हलवली. “नको. शेडात काम कराचं त घरी कोंबडी नको, ते बरोबरच हाय. पन नियम एकल्या मलेच काहून होता जी?”

चहा आला, तो मी खाली मान घालून प्यायलो. कप ठेवताना कसंबसं “चुकलं माझं” एवढं तोंडातून निघालं. त्या “बरं” म्हणाल्या. माफ केलं असं नाही म्हणाल्या... आणि ते ठीकच आहे.

आता शेडला बोअरचं पाणी सुरू केलंय, बदकं तळ्यापासून लांब जाळीत आहेत. मॅडमनी सांगितलंय, ती विकायची नाहीत, कोणाला द्यायचीही नाहीत.

बुधवारी सकाळी फार्मवर पोचलो तर मंदाबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मी मुकाट्याने बूट काढले, पाय धुतले, त्यांनी पुढे सरकवलेल्या चपला घातल्या.

मग त्या दारातून बाजूला झाल्या. त्यांनी मला आत येऊ दिलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.