नकाराची हजेरी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. कामशेत आणि मळवलीच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की तिथल्या शिक्षणसंस्थेचे चिटणीस मला खुलाशाचं पत्र पाठवतील, आणि खुलासे वाचायची मला आता हौस उरलेली नाही.

मी सोलापुरात एका शाळेत इतिहास शिकवते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मावळातली वैशाली भेटली. शेवटच्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "आमची वस्ती वर्षातून एकदा कॉलेजच्या गेटासमोर उभी राहून 'नाही' म्हणते. यंदाचं बहुतेक शेवटचं. बघायचं तर ये." एवढ्यावर मी दोन दिवसांची रजा टाकली.

कामशेतला उतरून शेअर रिक्षा पकडली. भात कापून झालं होतं, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि पलीकडे लोहगड नि विसापूर शेजारी शेजारी बसले होते. मग एकाएकी शेतं संपली आणि हॉस्टेलं, झेरॉक्सची दुकानं, मेसच्या पाट्या सुरू झाल्या. परका माणूस म्हणजे ॲडमिशनचाच, असं धरून रिक्षावाल्यानं मला न विचारता कॉलेजच्या गेटापाशी उतरवलं आणि तो निघूनही गेला.

आलेच आहे तर आत जाऊ, म्हटलं. व्हरांड्यात संस्थेचा इतिहास फोटोंसकट भिंतीवर लावला होता. देणगीदार, त्यांचे हार, त्यांच्या पदव्या. जमिनीबद्दल एकच ओळ होती, 'गावकऱ्यांच्या सहकार्याने जागा उपलब्ध झाली.'

"कोणत्या गावकऱ्यांच्या?" मी कारकुनाला विचारलं.

"सगळ्यांच्याच, मॅडम," तो म्हणाला, आणि माझ्या हातात गुळगुळीत कागदाची स्मरणिका ठेवली. तिच्यातही तीच ओळ होती.

वैशाली मला न्यायला आली तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. तिच्या घरी ताटात वाफाळता इंद्रायणी भात आणि पावट्याची आमटी पडल्यावर जरा निवलं. वाढत होती तिची आजी. नाव ठकूबाई, पण सगळी वस्ती तिला मावशीच म्हणते. वय ऐंशीच्या पुढचं, पाठ ताठ.

"सासरा माझा येसकर (गावाची राखण आणि निरोप्याचं काम करणारा) व्हता," मावशी सांगू लागल्या. "मेलेलं ढोर त्यानं वढायचं. कुनी मेलं तर सांगावा घिऊन चार गावं त्यानं चालायचं. वर भाकरी मागायला दारोदार जायचं. छप्पन सालात बुद्ध झालो, तवा वस्तीनं ठरवलं, आता बास. चावडीफुडं हुबं ऱ्हायले आन् एकेका कामाचं नाव घिऊन न्हाई म्हनाले."

"गावानं काय केलं?"

"पानी तोडलं. दुकान बंद केलं. सरपनाला रानात जाऊ देईनात. तरी न्हाई."

पुढचं ऐकून मी जेवता जेवता थांबले. गावानं नमतं घेतल्यावर वस्तीनं आपल्या हाडोळ्यातला (गावकीच्या चाकरीपोटी मिळालेल्या जमिनीतला) एक तुकडा शाळेला दिला. अट एकच घातली, सगळ्यांची पोरं एका रांगेत बसतील आणि एका माठाचं पाणी पितील. त्या शाळेचं पुढे हायस्कूल झालं, हायस्कूलचं कॉलेज. त्या तुकड्याला लागूनच असलेली चावडी पडली आणि तिच्या जागेवर कॉलेजचं गेट आलं. म्हणून वस्ती दर वर्षी त्या गेटासमोर जमते.

यंदा चिटणीसांनी निरोप धाडला होता. पाहणीला समिती येणार आहे, गेटासमोर गर्दी नको, तुमचा कार्यक्रम वस्तीतल्या समाजमंदिरात करा. त्याबदल्यात मावशींचा कॉलेजच्या सभागृहात सत्कार करू.

"बरंच आहे की, मान मिळतोय," असं शेजारचे एक भाऊ म्हणाले.

मावशींनी त्यांच्या पानात भात वाढला. "जागा येकदा सोडली का ती कुनाची व्हती त्ये बी लोक इसरत्यात. तू जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पन्नासेक माणसं असतील. त्यात बँकेतला एक साहेब होता, दोन नर्स होत्या, मळवलीचे बंगले सांभाळणारी जोडपी होती. झेंडा नाही, स्पीकर नाही. वाटेत वैशालीनं मला नियम सांगितला. मावशी कामाचं नाव घेणार, बाकीच्यांनी नकार द्यायचा. मग ज्याला आपलं काही सांगायचं असेल त्यानं सांगायचं. मात्र जे काम तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला खरोखर सांगितलं गेलं तेवढंच. बनवलेलं चालत नाही.

गेट बंद होतं. आतून मुलं बघत होती. मावशी मधोमध उभ्या राहिल्या.

"मेलेलं ढोर वढायला?"

"न्हाई."

"मयताचा सांगावा न्यायला?"

"न्हाई."

अशी जुनी आठ-दहा कामं झाली. आवाज चढा नव्हता, पण एकही माणूस मागे राहत नव्हता. मग नवी सुरू झाली. बंगला सांभाळणाऱ्या एकीनं विचारलं, "मालकाचं पावनं आलं का मागच्या दारानं यायला?" सगळे म्हणाले, "न्हाई." बँकेतले साहेब म्हणाले, "स्वतःचा कप घरून आणायला?" त्यावरही "न्हाई."

तेवढ्यात मावशी माझ्याकडे वळल्या. "सोलापूरच्या बाई, तुमी?"

मी ऐटीत म्हणाले, "वेठबिगारीला?"

'न्हाई' म्हणायचं सोडून सगळे मावशींकडे बघू लागले.

"ह्ये तुमाला कुनी सांगितलं व्हतं?" मावशींनी विचारलं.

"मला नाही. वाचलंय."

"वाचल्यालं नगं. तुमाला सांगितल्यालं बोला."

मला सांगितलेलं मला चांगलंच ठाऊक होतं. नोकरी लागली त्याच आठवड्यात हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले होते, "आडनाव कशाला लिहिता? नुसतं सुनंदा टीचर लिहा, पालकांना सोपं पडतं." बाकी सगळ्या शिक्षकांची आडनावं पालकांना पाठ होती. कांबळे तेवढं अवघड होतं. मी मान डोलावली आणि तेव्हापासून तशीच सही करत आले. वर्गात समतेचा धडा शिकवून आले तरी सही तीच. आता पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी वैशालीच्या मागे सरकले. लाज वाटली. मावशी पुढच्या माणसाकडे वळल्या.

मग गेट किलकिलं झालं. चिटणीस बाहेर आले. मागे शिपाई, त्याच्या हातात तबक, तबकात शाल आणि नारळ.

"मावशी, झालं ना 'नाही' म्हणून? आता आत चला. सत्कार घ्या," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीपासून समाजमंदिरातच करू. उगाच रस्त्यावर कशाला?"

मावशींनी शालीला हात लावून पाहिला. शाल खरोखरच चांगली होती. मग त्यांनी चिटणिसांकडे पाठ केली आणि आमच्याकडे तोंड करून विचारलं,

"शाल घिऊन हितनं हटायला?"

"न्हाई."

या वेळी मीही ओरडले. गेटाच्या आतूनही पाच-सहा आवाज आले, ते कॉलेजच्या पोरींचे होते. चिटणीस तबक घेऊन आत गेले. आम्ही मात्र उन्हं डोक्यावर येईपर्यंत तिथेच बसून चहा प्यायलो, आणि पुढच्या वर्षी किती वाजता यायचं तेही तिथेच ठरलं.

परतीच्या प्रवासात मी स्मरणिकेतली ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. खोटं त्यात काहीच नव्हतं. नावं तेवढी गाळली होती, आणि तसं गाळण्यात मीही वर्षानुवर्षं हात दिला होता. इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे कळायला मावळात जावं लागलं, याचा मला स्वतःचाच राग आला.

सोमवारी शाळेच्या हजेरीपटात मी सही केली, सुनंदा मारुती कांबळे. हेडमास्तरांनी चष्मा वर केला आणि पट स्वतःकडे फिरवून घेतला.

"टीचर, एवढं मोठं नाव या रकान्यात मावत नाही हो."

"मग रकाना मोठा करून घ्या, सर," मी म्हणाले आणि वर्गावर गेले.