चवळीवर मारलेलं औषध

सकाळी चवळीखाली किडे उलथे पडले होते. मसुराएवढे, लाल पाठीवर काळे ठिपके. एखाद्याचा पाय अजून हलत होता. सासूबाई खूश. "बघ, एक बी राहिला नाय."

आदल्या सांजेला त्यांनी मेंढरांच्या गोचिडाचं औषध पाण्यात कालवून वेलावर मारलं होतं. मालकांना कंपनीत काम लागलं तेव्हा आम्ही मेंढरं विकून शहरात, गारखेड्यात आलो. ती बाटली तेवढी सोबत आली. मेंढराला चालतं ते वेलाला का नाही चालणार, असं त्यांचं म्हणणं.

शेंड्यांचा रस शोषणारा मावाही मेला. पण आठवड्यात परत आला, आणि आता त्याला खाणारे ते लाल किडे उरले नव्हते. शेंडे चिकट, काळे पडले.

कुंपणापलीकडे एक बौद्ध बाई राहायची. माती तीच, पाऊस तोच, अन् तिची चवळी शेंगांनी वाकलेली. मला तिचं सगळंच खुपायचं. ती विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला पांढरं पातळ नेसून निघायची, तेही खुपायचं. मला कुणी कुठं बोलावत नव्हतं.

मग दंगल झाली, कर्फ्यू लागला. गुलमंडीचा बाजार बंद, भाजी कुठंच नाही. तिनं कुंपणावरून शेंगा दिल्या. सासूबाईंनी त्यांना हात लावला नाही, चटणीशी भाकरी खाल्ली. मालक मात्र बोटं चाटत म्हणाले, "लई ग्वाड शेंगा हायेत तिच्या." भाजी मी केली होती.

मी कुंपणाशी गेले. "काय घालतीस गं वेलाला?"

"काय नाय वैनी. लाल किडे खात्यात मावा. तुम्ही त्यास्नीच मारलं की." तिनं किड्यांनी भरलेला एक शेंडा खुडून दिला. "घ्या, नांदवा."

मी तो माझ्या वेलावर ठेवला. पानांना औषधाचा वास होताच. ऊन चढलं तसे किडे एकेक करून उडाले आणि कुंपणावरून तिच्याकडे गेले.

"नांदंनात वो तुमच्यात," ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. माझा वेल मी त्याच दुपारी उपटला.

त्या दंगलीतून दोन्ही घरची माणसं वाचली. वेल तिचा एकटीचा जगला.