लग्नानंतरची टेप

जुन्या जालन्यात व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देणारं एक दुकान आहे. माझ्या लग्नाची कॅसेट घेऊन गेले, तर टीव्हीसमोर एक टकले गृहस्थ चहा पीत बसले होते. दुकानदारानं कॅसेट लावली. पाठवणी संपताच मी त्याला म्हटलं, "बस, बंद करा."

"ताई, जल्दी नका करू," गृहस्थ म्हणाले. "लग्न संपलं की मंग माझं सुरू होतं."

उरलेल्या टेपवर लोक तेव्हा टीव्हीवरच्या मालिका भरून ठेवत. या गृहस्थांच्या लाडक्या मालिकेचा शेवटचा भाग कुठंच मिळत नव्हता. जाफराबादला कुणाकडे तरी आहे, अशी नुसती अफवा होती. म्हणून ते दर रविवारी इथं बसून परक्यांची लग्नं बघत.

पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम त्याच मालिकेचं गाणं लागलं. माझ्या सासऱ्यांनी भरली असणार. गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि चपला काढल्या.

"हाच, ताई. बिलकुल हाच."

भाग अर्ध्यावर आला आणि टेप संपली. मलाच हळहळ वाटली. ते मात्र मांडीवर थाप मारून हसत होते.

"अर्धा तर सापडला. राह्यलेला असंल कुणाच्या तरी लग्नामागं."

तेवढ्यात एक बाई कॅसेट घेऊन दारात आली. गृहस्थांनी लगेच उठून तिला आपली खुर्ची दिली.