आवारातल्या भिजलेल्या गाड्या

माझ्या हातून घडलेली चूक मी दुसऱ्याला कबूल करायला लावली, आणि ती त्याचीच आहे असे सर्वांना वाटू दिले. हे मी आजवर घरातही बोललो नव्हतो.

आमची मोटार कंपनी सरकार आणि एक परदेशी भागीदार यांनी मिळून उभारलेली. पुण्याहून बदलून मी कोलकात्याच्या विभागीय कचेरीत आलो, तेव्हा तिथे दोन रीती एकाच छताखाली नांदत होत्या. परदेशी मंडळींच्या रीतीत साहेब आणि शिपाई सारखाच गणवेश घालून जेवणाच्या एकाच रांगेत उभे राहत. आणि जो आपली चूक आपण होऊन सांगे, त्याचे सर्वांसमोर आभार मानले जात. सरकारी रीतीत कबुली म्हणजे पुरावा. आम्ही तरुण मंडळी पहिल्या रीतीवर इतकी लुब्ध होतो, की दुसरी अजून जागी आहे याचा विसर पडला होता.

खिदिरपूरजवळ नव्या गाड्या ठेवण्याचे आमचे आवार होते. त्याचा कारभार एक बंगाली सहकारी पाहत. वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणे. एका पावसाळ्यात आवारात पाणी शिरले आणि मागच्या रांगेतल्या गाड्यांच्या आत गेले. दादांनी त्या बाजूला काढल्या. दुर्गापूजा तोंडावर आली होती, गाड्यांना मागणी प्रचंड होती, आणि विक्री माझ्याकडे होती.

"पाठवून द्या," मी म्हणालो. "वाळल्या आहेत."

"वरून वाळल्यात. आतल्या तारांचं काय?" मग हसून म्हणाले, "पूजा आमची, आणि घाई तुला!"

"दादा, माझ्या जबाबदारीवर सोडा."

गाड्या गेल्या. थंडी पडू लागली तशा त्या रस्त्यात बंद पडू लागल्या. चौकशीला परदेशी अभियंता येणार असे कळले, तेव्हा चहा घेताना मी दादांना समजावले, "तुम्हीच सांगून टाका. आवार तुमचं. यांच्यात कबुलीला शिक्षा नसते, उलट मान मिळतो." मी हे मनापासून मानत होतो. तरीही तो मान घ्यायला मी स्वतः पुढे झालो नाही, यातच सारे आले.

बैठकीत दादा उठले. "गाड्या मी सोडल्या," एवढेच बोलले. माझे नाव त्यांनी घेतले नाही. अभियंत्याने उभे राहून त्यांचे आभार मानले. बोलायला मला पुरेसा वेळ होता. मी टेबलाकडे पाहत राहिलो.

अभियंता परत गेला, आणि सरकारकडून आलेल्या अधिकाऱ्याने त्याच कबुलीवर बोट ठेवून दादांची बदली गुवाहाटीला केली. कोलकात्यातच, बेहालाच्या घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला सोडून जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी नोकरी सोडली. निघताना म्हणाले, "तुझी समजूत चुकली रे. साहेब लोक सगळे सारखेच." माझा नुसता अंदाज चुकला, असे त्यांना वाटत होते; मी ते तसेच वाटू दिले.

कंपनी वाढत गेली. सरकारने हळूहळू आपला वाटा विकला, कारभार भागीदाराकडे गेला. मीही वाढलो. नव्या मुलांना मी शिकवत असे, की इथे चूक सांगणाऱ्याचा सन्मान होतो. ते वाक्य उच्चारताना मी कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे.

यंदा पुण्याला परतायचे ठरले, आणि सामान बांधण्याआधी मी बेहालाला गेलो. दादांनी स्वतःच दार उघडले. थकले होते, पण ओळखायला क्षणही लागला नाही.

"ये, ये! तुझ्या कंपनीने गल्लीत चालायला जागा ठेवली नाही बघ. दारासमोर रोज कोणाची तरी गाडी!"

मला हसता आले नाही. बसायलाही जमेना. उभ्यानेच बोललो.

"दादा, तेव्हा नुसती माझी समजूत चुकली नव्हती. मी घाबरलो होतो. गाड्या मी सोडायला लावल्या, तेव्हा उठायला मी हवा होतो. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मला क्षमा करा."